गाडी सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

सदर : घरची शाळा



फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात बॅटरी आणि पाना कशाला, असं काही जणींच्या मनात येईल. पण तारखा बघा. आपल्याकडे मिशिगनमध्ये आकाशकंदील उतरवतो ना उतरवतो, तोच पहिलं बर्फ येतं. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या सकाळी साडेसातला निरोप येतो, "गाडी सुरू होत नाहीये, काय करू?" त्याखाली पाच मिनिटांत पंधरा उत्तरं. "बॅटरी गेली." "सेल्फ गेला." "पेट्रोल गोठलं असेल." आणि शेवटी एक तरी भाऊ म्हणतोच, "किती वर्षं वापरणार ती? विकून टाका!"

मी अशा वेळी निरोप टाकणारीच्या जागी स्वतःला ठेवून बघते. आपल्या बहुतेक घरांत नवी गाडी ऑफिसला जाते आणि जुनी घरी राहते. ती चालवते घर सांभाळणारी, नाहीतर नुकतं लायसन्स मिळालेला मुलगा किंवा मुलगी. मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले, साताऱ्यातली शाळेची नोकरी सोडून. इथे सातव्या वर्षीही माझ्या नावावर नोकरी नाही, पण किल्ली आहे. शाळा, वाचनालय, भाजी, रविवारचा मराठी वर्ग, आणि महिन्यातून एकदा पलीकडच्या कॉलनीतल्या काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, हे सगळं त्या सोळा वर्षांच्या रुपेरी गाडीवर अवलंबून आहे. आमच्या भागात बस नावालाच. ती गाडी दारात उभी राहिली की मीही उभी राहते. म्हणून यंदाचा धडा हाच.

आधी प्रश्न नीट विचारू

शाळेत एखादं मूल उत्तर देत नाही, तेव्हा "त्याला येत नाही" असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याला प्रश्न ऐकू आला नाही का? ऐकू आला, पण उत्तर माहीत नाही? की माहीत आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही? तिन्ही वेळा वर्गात शांतताच असते, पण उपाय वेगळे. "गाडी सुरू होत नाही" हे वाक्यही तसंच अपुरं आहे. पहिला प्रश्न असा विचारायचा: किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं का?

त्यासाठी आत काय होतं ते दोन ओळींत सांगते. किल्ली फिरवली की बॅटरीतली वीज एका छोट्या पण ताकदवान मोटरला मिळते. ती मोटर इंजिनाला काही फेरे देते. फिरणाऱ्या इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी मिळाली की ते स्वतःच्या जोरावर चालू लागतं, आणि मोटर बाजूला होते. या मोटरला आपल्याकडचे मेकॅनिक "सेल्फ" म्हणतात, आणि "सेल्फ मार" असं सांगतात. तो शब्द आला "सेल्फ-स्टार्टर"वरून. त्याआधी गाडीपुढे वाकून लोखंडी हँडल फिरवावं लागे. हँडल उलट फिरलं की मनगट किंवा हात मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. अंगात पहिलवानाचं बळ नसलेल्या माणसालाही, म्हणजे कितीतरी बायकांनाही, एकटीने गाडी काढणं त्यामुळे सोपं झालं.

म्हणजे बिघाडाची दोन घरं झाली. इंजिन फिरतच नाही, तर गडबड विजेच्या वाटेवर: बॅटरी, तारा, सेल्फ. इंजिन जोमाने फिरतं पण पेट घेत नाही, तर गडबड हवा, पेट्रोल किंवा ठिणगीत. पहिल्या घरातला आजार असताना दुसऱ्या घरातलं औषध देऊ नका. एवढं कळलं तरी निम्मे पैसे वाचतात.

कान देऊन ऐका

रेडिओ, हीटर, काच गरम करणारं बटण, सगळं बंद करा. मुलांना गप्प बसवा. मग किल्ली फिरवा.

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिच्या खुंटीवरचा चिमटा सैल झाला आहे. आधी चिमटा हाताने हलवून बघा. हलत असेल तर दोष तिथेच सापडला.

दिवे लागतात, पण सेल्फचा आवाजच नाही: ऑटोमॅटिक गाडी फक्त "पी" आणि "एन"मध्येच सुरू होते. जुन्या गाडीत "पी"ची जागा सांगणारा स्विच झिजतो. ब्रेकवर पाय घट्ट ठेवून दांडा "एन"ला न्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

टिकटिकटिकटिक, पावसाळ्यातल्या किड्यासारखं: बहुतेक वेळा बॅटरी अशक्त. सेल्फला खेचायला जोर आहे, धरून ठेवायला नाही.

एकच जोरदार "टक" आणि पुढे शांतता: सेल्फ, किंवा त्याच्याकडे जाणारी जाड तार.

"घर्रऽऽ… घर्रऽऽ" असा दमेकऱ्यासारखा आवाज: वीज अपुरी पडते आहे. थंडीत तेलही घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद घटते. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सियसला, धडधाकट बॅटरीही निम्म्याहून कमी जोर देते.

आता हेडलाइट लावा आणि समोर गॅरेजच्या दारावर पडलेल्या उजेडाकडे बघत किल्ली फिरवा. उजेड एकदम विझत आला तर बॅटरीकडे किंवा तिच्या खुंट्यांकडे बघा. उजेड तसाच लख्ख राहिला आणि इंजिन मात्र फिरलं नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाहीये किंवा सेल्फच कामातून गेला आहे.

या शेवटच्या वाक्यात दोन शक्यता आहेत. त्यातली एकच धरली की काय होतं, ते आमच्या गाडीने दाखवलं.

आमच्या गाडीचं प्रकरण

गेल्या जानेवारीत बाहेर उणे १९ होतं. त्या दिवशी काकूंची डोळ्यात इंजेक्शन घ्यायची वेळ होती, आणि ती चुकवून चालत नाही. गाडीतून आधी एकच "टक", मग "घर्र", मग पुन्हा "टक". हेडलाइट लख्ख. शेजारच्या घरी एक निवृत्त गृहस्थ राहतात, जन्मभर मोटारींच्या कारखान्यात काम केलेले. ते स्वतःची गाडी आणून जंपर केबल लावून गेले, आणि आमची गाडी क्षणात सुरू झाली. काकूंचं इंजेक्शन वेळेवर झालं. सगळ्यांनी निदान केलं: बॅटरी.

परत येताना गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बॅटरी तपासून घेतली. इथल्या अनेक दुकानांत हे फुकट करून देतात. बॅटरी दोन वर्षांची, आणि चाचणीत उत्तम निघाली. दोन दिवसांनी गाडी पुन्हा तशीच. गॅरेजवाल्याने दिवे बघितले, "टक" ऐकली आणि सांगितलं, सेल्फ गेला, मजुरीसकट सातशे डॉलर. घरी हिशेब सुरू झाला. गाडीची किंमतच दोन-अडीच हजार, तीत सातशे घालायचे? त्यापेक्षा काढून टाकू, उन्हाळ्यात बघू पुढचं. उन्हाळ्यात! म्हणजे चार महिने मी खिडकीत.

मला एक गोष्ट पटत नव्हती. सेल्फ खरंच मेला असेल, तर शेजाऱ्यांच्या केबलने गाडी एका झटक्यात सुरू कशी झाली? आणि बॅटरी चांगली असेल, तर बाहेरची वीज लागली कशाला? दोन्ही निदानं एकाच पुराव्यावर आपटत होती. मी वाचनालयातून आमच्या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका आणली आणि विजेची वाट बोटाने गिरवली. बॅटरीच्या धन खुंटीतून वीज सेल्फपर्यंत जाते, हे सगळे बघतात. पण ती परतही यायला हवी. इंजिनाच्या अंगातून एका जाड तारेने ती ऋण खुंटीकडे परतते. आपले मेकॅनिक तिला "अर्थिंग" म्हणतात. हेडलाइटची परतीची वाट वेगळी, गाडीच्या पत्र्यातून. म्हणून अर्थिंगची तार कुजली तरी दिवे लख्खच राहतात.

आणि शेजाऱ्यांनी काळा चिमटा लावला होता तो बॅटरीला नव्हे, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. केबल लावायची योग्य पद्धत तीच. म्हणजे त्यांनी नुसती वीज उसनी दिली नव्हती. तुटलेली परतीची वाटही नकळत जोडून दिली होती.

पडताळा सोपा होता. दुसरी गाडी नको, फक्त एक काळी केबल. एक टोक आमच्याच बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, पट्टे आणि पंख्यापासून लांब. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. केबल काढली, बंद करून पुन्हा प्रयत्न केला: टक. नवऱ्याने खाली वाकून टॉर्च मारला. इंजिनाला जोडलेल्या टोकाशी तार हिरव्या-पांढऱ्या भुकटीने खाल्ली होती. हा आपल्या रस्त्यांचा प्रसाद. बर्फ वितळवायला मीठ पसरतात, आणि ते मीठ आपल्याकडे लांबून आणायलाही नको. खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात अकराशे फुटांहून खोल मिठाची खाण आहे. हिवाळाभर तेच पाणी गाडीच्या खालच्या अंगाला लागतं.

नवी तार वीस डॉलरला आली. दहा नंबरचा पाना, वायर ब्रश आणि अर्धा तास. गाडी अजून दारात आहे, आणि सकाळी एका हाकेला ओ देते.

गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणणार नाही. दिवे लख्ख आणि "टक" म्हणजे सेल्फ, हा ठोकताळा बऱ्याचदा खरा ठरतो. पण त्याच्यासमोर गाडी दहा मिनिटं होती आणि जंपर केबलची हकिगत त्याला माहीत नव्हती. ती आपल्याला माहीत असते. म्हणून गाडी दाखवायला नेताना डॉक्टरकडे नेतो तशी हकिगत लिहून न्या: कधी, किती थंडीत, कसला आवाज, दिवे कसे, कशाने सुरू झाली. आणि "सेल्फ बदलण्याआधी दोन्ही जाड तारा तपासून दाखवाल का?" एवढं विचारा. हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

जंपर केबल लावताना

साताऱ्याहून बाबांचा सल्ला ठरलेला: "अगं, दोन पोरं बोलाव आणि धक्का मार." त्यांच्या फियाटला तो चालायचा. चोक ओढायचा, दुसरा गिअर टाकायचा, उतारावर क्लच सोडायचा. इथली ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण इंजिन बंद असताना चाकांचा जोर गिअरबॉक्समधून इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा केबलच लागते. तिचा क्रम कागदावर लिहून डिकीत ठेवा:

एक, लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन खुंटीला. दोन, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या धन खुंटीला. तीन, काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला. चार, काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. चांगली गाडी काही मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. काढताना क्रम उलटा.

एक ताकीद. पूर्ण उतरलेली बॅटरी कडक थंडीत आतून गोठू शकते. तिच्या भिंती फुगलेल्या दिसल्या तर केबल लावू नका, ती फुटू शकते. तिथे शहाणपण बाजूला ठेवून फोन करा.

इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही

हे दुसरं घर. आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघा. हसू नका, जुन्या गाडीचा काटा खोटं बोलू शकतो. मग किल्ली सेल्फपर्यंत न नेता त्याच्या आधीच्या खुणेवर थांबवा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. ती कधीच ऐकू येत नसेल तर त्याचा फ्यूज बघा. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत असेल, किंवा गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर गाडी तुमची किल्ली ओळखत नाहीये. घरातली दुसरी किल्ली आणा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर आत पेट्रोल जास्त झालं आहे. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल थांबतं आणि आतलं उडून जातं. पण दर वेळी पाच-दहा सेकंदच. मध्ये मोटर थंड होऊ द्या.

थंड असताना नीट सुरू होते, पण गरम झाल्यावर पार्किंगमध्ये हटून बसते आणि अर्ध्या तासाने मुकाट चालते, असं असेल तर इंजिनाची फिरकी मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्या. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक जोडणी असते. वीस-तीस डॉलरचं यंत्र तिला लावलं की गाडी आपल्या बिघाडाचा क्रमांक सांगते. पी-०३३५ आला तर तोच सेन्सर.

जुन्या गाडीची खरी भूक

आता सगळ्यांत महत्त्वाचं. घरी राहणारी गाडी वारंवार उतरते, त्यात तिच्या वयापेक्षा तिच्या दिनक्रमाचा दोष जास्त असतो. एक मैल शाळा, दोन मैल भाजी, पुन्हा घर. दर वेळी सुरू करताना बॅटरीतून एकदम शंभर-दोनशे अँपिअर ओढले जातात, आणि वाटेत हीटरचा पंखा, दिवे, काच गरम करणारी तार आपापला वाटा मागतात. तिच्या वाट्याला भरून येण्याइतका वेळच येत नाही. दिवसभर सगळ्यांसाठी थोडं थोडं करत राहणाऱ्या माणसाचं होतं, तसंच तिचं. आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा-पाऊण तास हायवेवर न्या. रविवारचा मराठी वर्ग यासाठी उत्तम!

एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धं, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. गाडी चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत. तेव्हाही १२ च दिसत असतील तर बॅटरी भरणाराच आजारी आहे, नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल. खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा. तार काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी.

दुबई-मस्कतला अंक वाचणाऱ्या नातेवाइकांनो, थंडी नाही म्हणून निवांत राहू नका. बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळाच. थंडी फक्त अशक्तपणा उघडा पाडते. तुमच्याकडे दुसरा उन्हाळा सरला की बॅटरी तपासायला सुरुवात करा.

आणि गाडी खरंच सोडायची वेळ कधी? चॅसी गंजून भोकं पडली, ब्रेकच्या नळ्या कुजल्या, किंवा इंजिन तेल पिऊ लागलं, तर माया बाजूला ठेवा. पण सकाळी सुरू होत नाही, एवढ्यावर नको.

"हे आपलं काम नव्हे" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीत मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला शंभर किलोमीटरच्या वर गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. गॅरेज नावाची गोष्टच तेव्हा नव्हती.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदीकुंकू वाहतो, नारळ फोडतो. पुढच्या वर्षीपासून हार घालण्याआधी बॉनेट उघडा, खुंट्या बघा, व्होल्ट मोजा आणि आकडा डायरीत लिहा. दसरा थंडीच्या अगदी तोंडावर येतो, याहून चांगली तारीख सापडणार नाही. यंदाचा दसरा गेला, तर भाऊबीज हाताशी आहे. भावाने "काय हवं?" विचारलं की सांगा, चांगल्या जाड तारेची जंपर केबल. किंमत साडीहून कमी पडते, आणि जानेवारीत रोज आठवण येते.